राखणीची बंदूक घेताना

"भाऊ, सेमी-ऑटो घ्यायची आहे. डुकरांसाठी कामी येईल आणि स्पर्धेतही उतरता येईल. कोणती घेऊ?"

हा प्रश्न मला आता वर्षातून चार-पाच वेळा तरी ऐकू येतो. विचारणारे तिशीतले असतात. कुणी राळेगावकडचा, कुणी घाटंजीचा, कुणी झरी-मारेगावचा. वावरात पऱ्हाटी, तूर, हरभरा. एका रात्रीत कळपाने तुरीचा अर्धा एकर लोळवलेला पाहून झालेला असतो आणि मोबाईलवर परदेशातल्या स्पर्धा पाहून झालेल्या असतात. त्या स्पर्धांत माणूस पळत पळत पाच सेकंदांत सहा लोखंडी पाट्या पाडतो. ते पाहिल्यावर आपल्या धुऱ्यावर उभं राहून डुकरांचा कळप असाच पांगवावा असं वाटणं साहजिक आहे. ज्याचं पीक गेलं त्याचा राग मला समजतो. म्हणूनच उत्तर मी आडवळणाने देत नाही. या दोन कामांना एक बंदूक पुरत नाही. यवतमाळच्या शेतकऱ्याला सेमी-ऑटोची गरजही नाही, आणि ती मागायला गेलात तर परवान्याची फाईल चुकीच्या दारात जाऊन पडेल.

आधी कायद्याचं बोलू, कारण बहुतेकांचे पैसे आणि वर्षं इथेच वाया जातात. शस्त्र नियम २०१६च्या पहिल्या परिशिष्टात शस्त्रांचे प्रवर्ग दिले आहेत. पिस्तुलासारखे काही अपवाद सोडले तर अर्धस्वयंचलित शस्त्रं पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित प्रवर्गात येतात. वीस इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत नळीची बंदूकही त्याच प्रवर्गात आहे. प्रतिबंधित प्रवर्गाचा परवाना यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत मिळत नाही, तो विषय केंद्रीय गृह मंत्रालयाचा आहे. तुमच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या हातात आहे ती साधी बारा बोअर: एकनळी किंवा दोननळी, मोडून भरायची. हाताने मागेपुढे ओढायची पंप अ‍ॅक्शनही साध्या परवान्यावर विकली जाते.

पीकराखणीसाठी १९५९च्या शस्त्र कायद्यात वेगळी तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांनी वाचलेली असते. कलम १३ म्हणतं की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. ठासणीची बंदूक पुरणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटली, तर वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. म्हणजे ती खात्री पटवणं हे तुमचं काम आहे. ऑनलाईन अर्ज भरला, सातबारा जोडला आणि वाट पाहत बसलो, एवढ्याने भागत नाही. गेल्या दोन-तीन हंगामांतल्या नुकसानीचे पंचनामे, वनविभागाकडे केलेले नुकसानभरपाईचे अर्ज, शेत जंगलाला लागून असल्याचा नकाशा, हे सगळं फाईलला लावा. पंचनामा करून घ्यायचा अनेकांना कंटाळा येतो, कारण मिळणारी रक्कम नुकसानीच्या मानाने थोडी वाटते. पण तोच कागद पुढे तुमच्या अर्जाचा कणा होतो. वय एकवीस पूर्ण हवं. शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण झाल्याचा दाखला लागतो, पोलीस चौकशी होते. २०१९च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांसाठी मिळतो आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. घरात आजोबांची जुनी बंदूक असेल तर नवी मागण्याआधी तीच वारसाने नावावर करून घेता येते का, ते बघा.

आता दुसरा कागद. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. हा घोटाळा मी शिकलेल्या माणसांच्याही डोक्यात पाहिला आहे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कायद्याच्या कलम ११खाली लेखी परवानगी मिळू शकते. आपल्या राज्याने २०१५च्या शासन निर्णयाने हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. अर्ज तिथेच करायचा, पोच घ्यायची, आणि हाती कागद आल्यावरच पुढे जायचं. मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता असतं. ते वनविभागाच्या स्वाधीन करायचं, घरी न्यायचं नाही, वाटायचं नाही. चुलीवर चढलेल्या त्या एका भांड्यामुळे परवाना, बंदूक आणि घरची शांतता तिन्ही जातात.

याच कलम ११मध्ये एक सोय आहे. परवानगी कोणाही व्यक्तीला देता येते, शेतमालकालाच द्यावी असं बंधन नाही. म्हणून मी गावकऱ्यांना सांगतो की प्रत्येकाने बंदूक घेण्याची धडपड करू नका. चार गावांत मिळून एक शांत डोक्याचा, नेम असलेला, दारूपासून लांब राहणारा परवानाधारक असेल तर तो सगळ्यांचं काम करू शकतो. याच्या उलट एक गोष्ट अगदी चालत नाही. परवाना मालकाच्या नावाचा आणि बंदूक जागलीला बसलेल्या गड्याच्या हातात, असं करता येत नाही. बरेच जण भोळेपणाने करतात. परवान्यावर ज्याचं नाव नाही, त्याच्या हातातली बंदूक बेकायदा असते, आणि त्या गड्याला तुरुंगात पाठवणारे तुम्ही असता. परवान्यावर क्षेत्रही लिहिलेलं असतं, तेही नीट वाचा.

हे सगळं झाल्यावर बंदुकीकडे वळू. सेमी-ऑटो म्हणजे नेमकं काय, हे समजल्याशिवाय ती का नको हे पटणार नाही.

या जातीची पहिली यशस्वी बंदूक जॉन ब्राउनिंगने बनवली, ऑटो-५ नावाची. पेटंट १९००चं, आणि ती १९९८पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. बार उडाल्यावर बसणाऱ्या धक्क्यानेच रिकामं काडतूस बाहेर फेकायचं आणि पुढचं आत घ्यायचं, ही मूळ कल्पना. नंतर दोन वाटा झाल्या. एका जातीत नळीतला थोडा वायू छिद्रातून वळवून दट्ट्या ढकलतात. अशा बंदुकीचा खांद्याला बसणारा दणका मवाळ असतो, पण दट्ट्यावर काजळी धरते आणि ती वेळच्या वेळी साफ करावी लागते. दुसऱ्या जातीत, बेनेलीसारख्या, जडत्वावर चालणारी स्प्रिंग असते. ती स्वच्छ राहते, वजनाला हलकी असते, पण दणका जास्त देते आणि हलक्या काडतुसावर कधी कधी अडते. दोन्ही यंत्रं उत्तम आहेत. पळत्या स्पर्धेत त्यांना तोड नाही.

पण जागल ही स्पर्धा नाही. रात्री अडीच वाजता, नोव्हेंबरच्या दवात, खोपडीत दोन माणसं झोपलेली, एक जण माळ्यावर. कुणीतरी बंदूक हातात घेऊन खाली उतरतो. ती भरलेली आहे की नाही, हे बाकीच्यांना कसं कळणार? सेमी-ऑटोच्या पोटात काडतूस असलं तरी बाहेरून काही दिसत नाही. मॅगझिन रिकामं केलं तरी एक काडतूस नळीत राहू शकतं. दोननळी मात्र मोडून हातावर घेतली की चंद्राच्या उजेडातही दोन्ही नळ्यांतून आरपार दिसतं. रिकामी आहे हे चालवणाऱ्याला कळतं, शेजाऱ्याला कळतं, भाकरी घेऊन आलेल्या पोरालाही कळतं. माझ्या मते शेतातल्या बंदुकीचा हा सगळ्यात मोठा गुण आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या बाराच्या मोहात तो घालवू नये. कळपावर पहिला बार बरोबर बसला नाही, तर तिसरा बसायची शक्यता तशीही फार थोडी असते. तोवर डुकरं पऱ्हाटीत शिरलेली असतात आणि तुम्ही आवाजाच्या दिशेने बार टाकत असता. तेच करायचं नसतं.

आपल्या जिल्ह्यात तर मुळीच नाही. हलणाऱ्या तुरीत काय आहे ते इथे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टिपेश्वर अभयारण्यातून २०१९मध्ये निघालेला तरुण वाघ शेताशेतांतून, नाल्यानाल्यांतून सुमारे १,३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून आपल्याला ते कळलं, पण वाटेतल्या किती वावरमालकांना त्याचा पत्ता लागला असेल? आणि अवनी आपण विसरलेलो नाही. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली ती वाघीण २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या रानात गोळीने मारली गेली. त्या एका रात्रीच्या गोळीबाराची चौकशी झाली, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने नियम मोडल्याचे ताशेरे ओढले, प्रकरण देशभर गाजलं. तिथे तर सरकारी मोहीम होती. अंधारात खसफस ऐकून एकट्या शेतकऱ्याने टाकलेल्या बारात वाघ सापडला, किंवा शेजारच्या धुऱ्यावर राखणीला बसलेला माणूस सापडला, तर पुढचं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्यांवर जाईल. म्हणून माझ्याकडे नियम एकच आहे: डोळ्यांनी जनावर पूर्ण दिसलं, ओळखलं आणि त्याच्यामागे माती दिसली, तरच चापावर बोट ठेवायचं.

मागे माती का? जाड छर्रा फार लांब जातो. जुन्या हिशेबाप्रमाणे छर्ऱ्याचा व्यास इंचांत घ्यायचा आणि त्याला २,२०० ने गुणायचं, म्हणजे तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल ते येतं. एसजी या जाड छर्ऱ्याच्या काडतुसातला छर्रा साधारण इंचाचा तिसरा भाग जाड असतो, म्हणजे सातशे यार्डांच्या पुढे. तुमचं वावर चार एकरांचं असेल तर तो शेजाऱ्याच्या खोपडीपर्यंत सहज जाईल. माळ्याचं खरं मोल इथे कळतं. वरून खाली टाकलेला बार जनावराला चुकला तरी जमिनीत जातो.

काडतुसांची निवड बंदुकीपेक्षा महत्त्वाची आहे, तरी दुकानात त्यावर दोन मिनिटंही कुणी घालवत नाही. पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली शक्तिमान काडतुसं आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. डुकराला एलजी किंवा एसजी. बारीक छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, जखमी होतं. जखमी डुक्कर सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईवर चालून जातं. त्या बाईच्या जिवाची जबाबदारी बार टाकणाऱ्यावरच येते.

पण त्याआधी नळीच्या बुडाशी कोरलेले आकडे बघा. चेंबरची लांबी तिथे असते: ६५, ७० किंवा ७६ मिलीमीटर. ६५च्या चेंबरमध्ये ७०चं काडतूस बसतं, पण बार उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. आजोबांच्या काळातल्या विलायती दोननळ्या बहुधा ६५च्या असतात. नळीवर नागमोडी नक्षीसारखी वळणं दिसली तर ती पट्ट्या वळून केलेली जुनी दमास्कस नळी असू शकते. ती दिवाणखान्यात शोभेला ठेवावी, आजचं काडतूस तिच्यात घालू नये.

नळीच्या तोंडाशी असलेला आवळपणा म्हणजे चोक. चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात फुल चोकने साधारण सत्तर टक्के छर्रे बसतात, हाफने साठ. दोननळीत बहुतेक एक नळी मोकळी आणि एक आवळ असते. ही सोय सेमी-ऑटोच्या एका नळीत नाही. जवळच्या जनावराला एक चाप, लांबच्याला दुसरा. मात्र जाड छर्रा प्रत्येक नळीतून वेगळा पसरतो, आणि फुल चोकमधून तो कधी कधी उलट जास्त विस्कटतो. म्हणून पुस्तकावर विसंबू नका. परवान्याच्या हद्दीत, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी मोठा खाकी कागद लावा. मधोमध जेवणाच्या ताटाएवढं वर्तुळ काढा. वीस मीटरवरून एक बार, पंचविसावरून एक, तिसावरून एक. दोन्ही नळ्यांचे कागद वेगवेगळे ठेवा. ज्या अंतरावर ताटात किमान चार जाड छर्रे बसतात, ते तुमचं अंतर. मग ते अंतर वावरात पावलांनी मोजा आणि माळ्यापासून तेवढ्यावर चुन्याची खूण असलेला दगड ठेवा. खुणेच्या पलीकडच्या जनावराकडे फक्त बॅटरी दाखवायची. या सगळ्याला पाच-सहा काडतुसं लागतात. ती वाया गेली असं वाटून घेऊ नका.

बंदूक अंगाला बसणं हा भाग लोक सर्वात हलका घेतात. डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा आणि डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी सरळ नळीच्या मधोमध दिसली तर दस्ता तुमचा. मान ताणावी लागली किंवा माशी दिसलीच नाही, तर कितीही नाव असलेली बंदूक परत ठेवा. त्याआधी तुमचा जोरकस डोळा कोणता ते पाहून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबावर बोट रोखा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना बोट खांबावरच राहतं, तो जोरकस. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा डोळा जोरकस निघाला, तर वर्षानुवर्षं का चुकतंय याचं कारण त्याला त्या क्षणी कळतं.

जुनी दोननळी घेत असाल तर ती बंद करून कानाशी धरून हलवा, खडखडली तर सांधा सैल आहे. उजेडाकडे नळी धरून आतून बघा, खड्डे आणि फुगवटा दोन्ही. मग बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला विचारा, दुकानदाराला नव्हे. दुकानदाराला ती विकायची असते.

आता ज्यांना खरोखर खेळायचं आहे त्यांच्याविषयी, कारण ती हौस मला मोलाची वाटते. परदेशातला पळत खेळायचा नेमबाजीचा प्रकार १९७६मध्ये स्थापन झालेल्या आयपीएससी या महासंघाचा आहे. आपल्याकडे शॉटगनच्या खेळाडूला प्रत्यक्ष वाट मिळते ती ट्रॅप आणि स्कीट या उडत्या तबकड्या फोडण्याच्या प्रकारांची. मातीची तबकडी ११० मिलीमीटर व्यासाची, एका फेरीत पंचवीस. काडतुसात छर्रा जास्तीत जास्त चोवीस ग्रॅम आणि तोही फार तर २.६ मिलीमीटर जाड. एसजीच्या शेजारी हा छर्रा ठेवून पाहा, म्हणजे एक बंदूक दोन्ही कामांना का पुरत नाही ते दिसेल. आंतरराष्ट्रीय नियमांत सेमी-ऑटोला बंदी नाही, पंप अ‍ॅक्शनला आहे. तरीही वरचे सगळे खेळाडू खाली-वर नळ्यांची दोननळीच वापरतात. तिला दोन चोक मिळतात, चापाची खात्री असते, वजन जास्त असतं आणि झोका स्थिर राहतो. २००४मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं तेव्हापासून आपल्या देशात या खेळाला मान आहे.

पण यवतमाळहून सराव करायचा तर हिशेब मांडा. शॉटगनची पूर्ण सोय असलेली मैदानं दिल्लीच्या डॉ. कर्णीसिंह रेंजवर किंवा भोपाळच्या राज्य अकादमीत आहेत. वर्षातून किती खेपा जमतील, दर खेपेला किती काडतुसं फुटतील, हे आधी कागदावर लिहा आणि मगच बंदुकीचा विचार करा. सुरुवातीला अकादमीची बंदूक वापरा. स्पर्धेत किमान गुण मिळवून नॅशनल रायफल असोसिएशनच्या यादीत होतकरू नेमबाज म्हणून नाव लागलं की खेळाचा परवाना आणि आयात यांचे रस्ते राज्य संघटनेमार्फत उघडतात. तो रस्ता लांब आहे, पण सरळ आहे. पीकराखणीच्या नावावर खेळाची बंदूक मागण्याची युक्ती करू नका. परवान्यात लिहिलेलं कारण आणि बंदुकीचा प्रत्यक्ष वापर जुळला नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी अडचण येते.

एक गोष्ट ऐन हंगामात लक्षात येते आणि तोवर उशीर झालेला असतो. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४ची विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं. सोयाबीनची सोंगणी चालू, तुरीला फुलं, शेंगा, आणि बंदूक पोलीस ठाण्यात. खऱ्या पीकराखणीसाठी सूट मागणारा अर्ज छाननी समितीकडे करता येतो, पण तो आचारसंहितेच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच द्या, पंचनाम्यांच्या प्रतींसह. आणि ते महिने बंदुकीवाचूनच काढावे लागतील असं धरून आधीच तयारी ठेवा. सौरकुंपणासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अर्थसाहाय्य मिळतं, त्याचा अर्ज वनविभागाकडे उन्हाळ्यातच करा. सौरकुंपणाचा झटका क्षणाचा असतो, त्याने जनावर मरत नाही. तारेत घरचा करंट सोडणं हे वेगळंच पाप आहे. त्याने वाघ मेले आहेत, शेतकरी मेले आहेत, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेली पोरं मेली आहेत.

शेवटी बंदूक घरात आली की ती ठेवायची कुठे. कुलूपबंद पेटीत, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ल्या एकाच जुडग्यात नकोत. श्रावणात काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फुगलेलं काडतूस नळीत अडकतं, म्हणून बाहेर पडण्याआधी प्रत्येक काडतूस दिवसाउजेडी नळीत घालून काढून बघा. जागलीहून परत आल्यावर कितीही झोप आली असली तरी नळीतून कोरडं फडकं फिरवा, मग तेलाचं. दवाने एका रात्रीत धरलेला गंज पुढच्या हंगामात खड्डा होतो. फुटलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या मोजून एका पिशवीत ठेवा आणि वहीत तारीख, वेळ, परवानगीचा क्रमांक आणि बार किती झाले ते लिहून काढा. ती वही पेटीतच, बंदुकीच्या बाजूला राहू द्या.